मुक्या गंधकाचे बोलके शेजारी

१८८२ साली झुरिकमध्ये व्हिक्टर मायर हे प्राध्यापक वर्गात एक हमखास प्रयोग दाखवत होते. बेन्झीनमध्ये आयसॅटिन आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की गर्द निळा रंग येतो. ही बेन्झीनची खूण, असं तेव्हा सगळेच मानत. त्या दिवशी मात्र रंग आलाच नाही. चौकशी केल्यावर उलगडा झाला. डांबरापासून काढलेलं नेहमीचं बेन्झीन संपलं होतं, म्हणून त्यांचे साहाय्यक ट्राउगोट सँडमायर यांनी बेन्झॉइक आम्लापासून मिळवलेलं शुद्ध बेन्झीन पुढे केलं होतं. म्हणजे इतकी वर्षं निळा रंग देत होती ती डांबरी बेन्झीनमधली भेसळ! मायरनी पुढे ती वेगळी काढली. चार कार्बन, चार हायड्रोजन आणि एक गंधक अशी ती पंचकोनी कडी होती. तिचं नाव थायोफीन. बेन्झीन ८० अंश सेल्सिअसला उकळतं आणि थायोफीन ८४ अंशांना, त्यामुळे ऊर्ध्वपातनात दोघं जोडीनंच बाहेर पडत आणि कोणाला पत्ता लागत नसे.

आज तोच नमुना एनएमआर यंत्रात, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संदेश टिपणाऱ्या यंत्रात, घातला तर बेन्झीनच्या एकाकी, सरळ रेघेशेजारी थायोफीनचे दोन गुंतागुंतीचे पुंजके लगेच दिसतील. त्या पुंजक्यांतल्या रेघांची आपसांतली अंतरं मोजली की कडीत गंधक आहे, ऑक्सिजन नाही, इथपर्यंत सांगता येतं. यातली गंमत अशी की, ज्याच्याबद्दल हे सगळं कळतं तो गंधक स्वतः एक अक्षर बोललेला नसतो.

निसर्गातल्या गंधकापैकी सुमारे ९५ टक्के अणू सल्फर-३२ या समस्थानिकाचे असतात. त्यांच्या केंद्रकाला स्पिन नाही, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात त्यांचा आवाजच नाही. स्पिन असणारा सल्फर-३३ आहे, पण शंभरात पाऊणच. त्यातही त्याचं केंद्रक गोलाकार नसल्यामुळे आजूबाजूच्या विद्युतक्षेत्राच्या धक्क्यांनी त्याचा संदेश लगेच विझतो. सल्फेट किंवा सल्फोनसारख्या सममित परिसरात त्याची रेघ बरी अरुंद येते. साध्या सल्फाइडमध्ये ती शेकडो-हजारो हर्ट्झ रुंद पसरते. पाच-सात हर्ट्झची अंतरं तिच्यात कुठून शोधायची? त्यामुळे सेंद्रिय गंधकसंयुगांचा अभ्यास करणारा माणूस सरळ गंधकाच्या शेजाऱ्यांकडे, हायड्रोजन आणि कार्बन-१३ यांच्याकडे वळतो.

या शेजाऱ्यांमध्ये चालणाऱ्या देवाणघेवाणीला कपलिंग म्हणतात. प्रत्येक हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक चिमुकला चुंबक, आणि यंत्राच्या क्षेत्रात त्याला दोनच स्थिती मिळतात. शेजारचा हायड्रोजन यांपैकी कोणत्या स्थितीत आहे याची बातमी मधल्या बंधांतल्या इलेक्ट्रॉनांमार्फत पोचते आणि आपल्या हायड्रोजनची एक रेघ दुभंगते. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे कपलिंग कॉन्स्टंट. प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं ‘जे’ म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. यंत्र ६० मेगाहर्ट्झचं जुनं असो की ६०० मेगाहर्ट्झचं नवं, ‘जे’ तोच राहतो. तो रेणूचा स्वतःचा गुण आहे, चुंबकाचा नव्हे.

हे सगळं फार लवकर लक्षात आलं. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलच्या रेणूतल्या तीन प्रकारच्या हायड्रोजनांची तीन वेगळी शिखरं दाखवली आणि एनएमआर भौतिकशास्त्रज्ञांच्या हातून रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आलं. यांतले श्रीनिवास धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भारतातल्या एनएमआर संशोधनाचा पाया त्यांनी तिथे घातला. त्याच सुमारास इलिनॉयमध्ये गुटोव्स्की, मॅककॉल आणि स्लिक्टर यांना, तसंच हान आणि मॅक्सवेल यांना, शिखरांच्या आत आणखी बारीक फूट दिसू लागली होती. बातमी इलेक्ट्रॉनांमार्फत जाते, हा खुलासा रॅम्झी आणि पर्सेल यांनी १९५२ साली केला.

आता अल्कोहोलचा गंधकी भाऊ पाहू. घरच्या गॅस सिलिंडरमधला वायू मुळात बिनवासाचा असतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन, म्हणजे इथेनथायॉल, घालतात. अल्कोहोलमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवला की हा रेणू तयार होतो. नेहमीच्या अल्कोहोलच्या नमुन्यात ऑक्सिजनवरचा हायड्रोजन पाण्याच्या आणि आम्लाच्या अंशामुळे इतक्या झपाट्यानं एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारतो की शेजाऱ्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याची रेघ एकटीच उभी राहते. गंधकावरचा हायड्रोजन त्या मानानं ठाण मांडून बसलेला असतो. त्याची रेघ शेजारच्या मेथिलीनमुळे, म्हणजे दोन हायड्रोजन असलेल्या कार्बनमुळे, तीन फाट्यांत फुटते आणि ‘जे’ साधारण साडेसात हर्ट्झ येतो. मेथिलीनला एका बाजूनं मेथिलचे तीन आणि दुसऱ्या बाजूनं गंधकावरचा एक असे चार शेजारी, आणि दोन्ही बाजूंचे ‘जे’ जवळपास सारखेच. त्यामुळे तिथे पाच फाट्यांचं शिखर दिसतं. मग नमुन्यात जड पाण्याचे दोन थेंब टाकून नळी हलवायची. गंधकावरचा हायड्रोजन ड्युटेरियमनं बदलला जातो, त्याचं शिखर नाहीसं होतं आणि मेथिलीनचे पाच फाटे चार होतात. माझ्या मते कपलिंग शिकवायला यापेक्षा चांगला रेणू नाही. फक्त शिकवणाऱ्यानं खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

थायोफीनकडे परत येऊ. गंधकाला लागून असलेल्या कार्बनला क्रमांक दोन आणि त्यापुढच्याला तीन म्हणू. पलीकडच्या बाजूला चार आणि पाच. दोन आणि तीनवरच्या हायड्रोजनांमधला ‘जे’ सुमारे पाच हर्ट्झ असतो, तीन आणि चारमधला साडेतीन. दोन-चारचा जेमतेम एक-सव्वा. दोन आणि पाच हे गंधकाच्या अलीकडे-पलीकडे बसलेले, तरी त्यांच्यात जवळजवळ तीन हर्ट्झची देवाणघेवाण चालते. हीच मोजणी फ्युरानवर, म्हणजे गंधकाऐवजी ऑक्सिजन असलेल्या कडीवर, केली तर दोन-तीनचा ‘जे’ १.८ वर येतो आणि दोन-पाचचा दीडवर. तीन-चारचा मात्र साडेतीनच्या आसपासच राहतो. त्याच्या शेजारी ना गंधक ना ऑक्सिजन, तेव्हा त्याला फरक पडायचं कारण नाही. कार्बन-गंधक बंध १.७१ अँगस्ट्रॉमचा आणि कार्बन-ऑक्सिजन बंध १.३६ चा. गंधक कडीला ऐसपैस करतो, कोन बदलतात. शिवाय ऑक्सिजनसारखा तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढत नाही. या दोन्ही गोष्टींचा हिशेब त्या पाच आणि पावणेदोनच्या फरकात आहे.

औषधनिर्मितीत हे आकडे रोज लागतात. समजा, थायोफीनच्या कडीवर दोन जागी फांद्या जोडल्या आहेत आणि दोन हायड्रोजन शिल्लक आहेत. त्यांच्यातला ‘जे’ पाच आला तर ते गंधकाशेजारी एकमेकांना लागून आहेत, साडेतीन आला तर गंधकापासून दूर मधल्या दोन जागांवर आहेत, तीन आला तर गंधकाच्या दोन बाजूंना आणि सव्वा-दीड आला तर एकाआड एक. हृदयरोग्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी देतात त्या क्लोपिडोग्रेलमध्ये थायोफीनची कडी आहे आणि तिच्यावर दोनच हायड्रोजन उरले आहेत. त्यांच्या रेघा पाच हर्ट्झच्या अंतरानं दुभंगतात. दुसरी कडी थायोफीनला कुठे चिकटली आहे, याची साक्ष तेवढ्यावर मिळते.

फांद्या नसलेलं साधं थायोफीन मोजायला उलट जास्त अवघड. दोन आणि पाच हे हायड्रोजन एकाच जागी रेघ देतात, तीन आणि चारही तसेच. पण दोनचं तीनशी नातं वेगळं आणि चारशी वेगळं. त्यामुळे साधा दुभंग-त्रिभंगाचा नियम लागत नाही, रेघांचा गुंता होतो आणि दोन रेघांमधलं अंतर घेऊन ‘हा घ्या जे’ असं म्हणता येत नाही. चुंबक कितीही मोठा आणला तरी हा गुंता सुटत नाही, कारण तो रेणूच्या सममितीतूनच येतो. तो सोडवायला संगणकावर चारही हायड्रोजनांचं गणित एकत्र मांडून, आकडे थोडेथोडे हलवत, गणिताचा वर्णपट मोजलेल्या वर्णपटावर चपखल बसेपर्यंत जुळवावा लागतो. दुसरी युक्ती मला अधिक आवडते. शंभरातल्या एका कार्बनच्या जागी निसर्गतः कार्बन-१३ असतो. असा कार्बन क्रमांक दोनवर असलेल्या रेणूंत त्याच्यावरच्या हायड्रोजनची रेघ सुमारे १८५ हर्ट्झनं दुभंगते आणि मुख्य पुंजक्याच्या दोन्ही बाजूंना लांब फेकली जाते. या बारक्या रेघांना सॅटेलाइट म्हणतात. इथे दोन आणि पाच यांची सममिती मोडलेली असते, त्यामुळे एरवी लपलेला त्यांच्यातला ‘जे’ त्या सॅटेलाइटच्या फाट्यांत उघड वाचता येतो.

मोजणीत आणखी एक जागा अशी आहे जिथे पट्टी लावून काम भागत नाही. बेन्झिल मेथिल सल्फॉक्साइड घ्या. सल्फॉक्साइडमधला गंधक चपटा नसतो. त्याच्यावर ऑक्सिजन, दोन कार्बनी गट आणि इलेक्ट्रॉनांची एकटी जोडी अशी पिरॅमिडसारखी रचना असते, आणि नेहमीच्या तापमानाला ती छत्रीसारखी उलटत नाही. त्यामुळे शेजारच्या मेथिलीनवरच्या दोन हायड्रोजनांना दोन वेगळे परिसर लाभतात. एकाच कार्बनवर बसून त्यांच्या रेघा वेगळ्या येतात आणि एकमेकींना सुमारे १३ हर्ट्झनं फोडतात. दिसायला चार रेघा, आतल्या दोन उंच आणि बाहेरच्या दोन ठेंगण्या.

समजा, ३०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर या चार रेघा १२२३, १२१०, ११८१ आणि ११६८ हर्ट्झवर आल्या. ‘जे’ काढणं सोपं आहे: १२२३ वजा १२१०, किंवा ११८१ वजा ११६८, दोन्हीकडे १३. पण दोन हायड्रोजनांची खरी स्थानं किती दूर आहेत? दोन जोड्यांचे मध्यबिंदू घेतले तर अंतर ४२ येतं, आणि ते चुकीचं आहे. बरोबर रीत अशी: बाहेरच्या दोन रेघांमधलं अंतर ५५, आतल्या दोहोंमधलं २९. या दोहोंचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं, उत्तर ४०. रेघा जितक्या जवळ सरकतील तितकी मध्यबिंदूची चूक वाढत जाते. चार रेघांचा हा नमुना चौपदरी शिखर समजून वहीत नोंदवलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे. आतल्या उंच रेघा आणि बाहेरच्या बुटक्या पाहूनच हात थांबायला हवा.

रेघा एकमेकींत मिसळू लागल्या की आणखी एक फसवणूक होते. ‘जे’ रेघेच्या रुंदीएवढाच असेल तर दोन शिखरं एकमेकांकडे ओढल्यासारखी दिसतात आणि मोजलेलं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं. कॉसीसारख्या द्विमितीय प्रयोगांत शेजारच्या रेघा एक वर, एक खाली अशा येतात. तिथे उलट घडतं, अंतर फुगून दिसतं. उपाय दोन आहेत. संदेश पुरेसा वेळ नोंदवायचा, म्हणजे चार सेकंद ऐकलं तर पाव हर्ट्झपर्यंत बारकावा मिळतो. आणि दोन्ही शेजाऱ्यांकडून साक्ष घ्यायची. एकाच्या शिखरात ५.१ आणि दुसऱ्याच्या शिखरात ४.३ आला तर दोहोंपैकी कुणाचं तरी मोजमाप चुकलंय, कारण ‘जे’ दोघांचा मिळून एकच असतो.

आता पेनिसिलिन. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५०च्या दशकात पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं, त्यामुळे महाराष्ट्राला हा रेणू तसा घरचाच. त्याच्या गाभ्यात चार अणूंची ताणलेली कडी आहे आणि तिला गंधक असलेली पाच अणूंची कडी जोडलेली आहे. चौकोनी कडीवरच्या दोन हायड्रोजनांपैकी एकाचा कार्बन थेट गंधकाला जोडलेला असतो. दोन्ही हायड्रोजन कडीच्या एकाच बाजूला असले तर ‘जे’ चार-पाच हर्ट्झ, विरुद्ध बाजूंना असले तर दोनच्या आसपास. निसर्गानं बनवलेल्या पेनिसिलिनमध्ये ते एकाच बाजूला असतात. बॅचमधला रेणू उलट जुळणीचा निघाला तर तो अडीच-तीन हर्ट्झचा फरकच चुगली करतो.

इथे मार्टिन कार्प्लस यांचं नाव घ्यायला हवं. १९५९ साली त्यांनी दाखवलं की तीन बंधांपलीकडच्या दोन हायड्रोजनांमधला ‘जे’ त्यांच्यामधल्या पिळाच्या कोनावर अवलंबून असतो. १८० अंशांना सर्वात मोठा, ९० अंशांजवळ जवळजवळ शून्य आणि शून्य अंशाला पुन्हा मोठा. पेनिसिलिनमध्ये एकाच बाजूच्या दोन हायड्रोजनांमधला कोन शून्याच्या जवळ आहे. साध्या सूत्रानं आठ-नऊ हर्ट्झ यायला हवेत, मिळतात चार-पाच. ताणलेल्या चौकोनी कडीत बाकीचे कोन फाकलेले असतात, शिवाय शेजारी नायट्रोजन आणि गंधक आहेतच. या गोष्टी ‘जे’ कमी करतात. सूत्रातल्या आकड्यांवरून एक-दोन अंशांच्या अचूकतेनं कोन सांगू नका, असं कार्प्लस यांनी स्वतःच १९६३ साली बजावलं होतं. त्यांना २०१३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण रसायनशाळांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं ते या वक्ररेषेमुळे. त्यांचा इशारा मात्र फारसा कुणी वाचत नाही.

हलत्या-डुलत्या रेणूत तर हा धोका दुप्पट. रेणू दोन आकारांत सतत पलटी मारतो असं समजा. एका आकारात ‘जे’ ११, दुसऱ्यात ३, आणि दोन्ही निम्मेनिम्मे. यंत्राला दिसणार सरासरी ७. त्या ७ वरून सूत्रानं एकच कोन काढला तर असा आकार हाती येतो जो त्या रेणूनं कधी धारणच केलेला नाही.

म्हणूनच संगणकावरच्या गणनेकडे वळायचं. १९५३ साली रॅम्झी यांनी कपलिंगचे चार घटक मांडले होते. हायड्रोजनांच्या बाबतीत त्यांतला एक बहुतेक वेळा वरचढ ठरतो, तो म्हणजे फर्मी संपर्क. इलेक्ट्रॉन अगदी केंद्रकाच्या ठिकाणी असण्याची शक्यता किती, त्यावर तो ठरतो. गंमत अशी की, रसायनशास्त्रासाठी तयार केलेल्या गणनापद्धती बंधांच्या प्रदेशात इलेक्ट्रॉन कसे वावरतात याची काळजी घेतात, केंद्रकापाशी काय चाललंय याची फारशी नाही. ‘जे’ काढायचा तर इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणारी, केंद्रकाला घट्ट चिकटलेली अधिक गणिती फलनं त्यात घालावी लागतात. २०११ साली थॉमस बाली आणि पॉल रॅब्लेन यांनी दाखवलं की हायड्रोजन-हायड्रोजन कपलिंगसाठी नुसता फर्मी संपर्क काढून त्याला एका ठरावीक गुणकानं गुणलं, तरी उत्तर मोजमापापासून अर्ध्या हर्ट्झच्या आसपास राहतं. साध्या संगणकावर चालणारी ही पद्धत आहे.

गंधक असला की पहिली काळजी आकाराची. लहान गणनापद्धतीत कार्बन-गंधक बंध लांबट येतात. सल्फोन आणि सल्फॉक्साइडमधला गंधक-ऑक्सिजन बंध तर गंधकावर पुरेशी डी-प्रकारची फलनं दिल्याशिवाय नीट बसतच नाही. आकार चुकला की पुढचा ‘जे’ चुकणारच. आकार बरा आला की रेणूच्या सगळ्या संभाव्य ठेवणी शोधायच्या, प्रत्येकीचा ‘जे’ काढायचा आणि ऊर्जेनुसार वजन देऊन सरासरी घ्यायची. नेहमीच्या तापमानाला ऊर्जेतला १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे प्रमाणात दहापटीचा फरक. ऊर्जेच्या गणनेत एवढी चूक सहज होते, त्यामुळे ‘जे’ उत्तम आणि सरासरी भलतीच, असं वारंवार घडतं. गणनेचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. ती चिन्ह सांगते. सल्फॉक्साइडमधला तो १३ हर्ट्झचा ‘जे’ खरा उणे १३ आहे, आणि चार रेघा पाहून हे कुणालाही कळणार नाही.

मोजणी आणि गणना यांची खरी जुगलबंदी पाहायची तर १,३-डायथिएनकडे जावं. सहा अणूंच्या या कडीत दोन गंधक आणि त्यांच्यामध्ये एक कार्बन. त्या कार्बनवरचा एक हायड्रोजन कडीला काटकोनात उभा, त्याला अक्षीय म्हणतात. दुसरा कडेनं बाहेर पसरलेला, तो विषुवीय. कडी नेहमीच्या तापमानाला झरझर पलटते आणि दोघांची सरासरी दिसते. म्हणून एकतर नमुना खूप गार करायचा, नाहीतर मोठा गट जोडून कडी जखडून टाकायची. मग कार्बन-१३ आणि हायड्रोजन यांच्यातला थेट, एका बंधाचा ‘जे’ मोजायचा. पर्लिन आणि कासू यांनी १९६९ साली शर्करांमध्ये पाहिलं होतं की ऑक्सिजनशेजारच्या अशा कार्बनवर अक्षीय हायड्रोजनचा ‘जे’ सुमारे १६० हर्ट्झ असतो आणि विषुवीयचा १७०. ऑक्सिजनची एकटी इलेक्ट्रॉन-जोडी समोरासमोर असलेल्या अक्षीय बंधाला सैल करते, असं त्याचं स्पष्टीकरण. डायथिएनमध्ये हे उलटं निघालं. तिथे अक्षीय ‘जे’ मोठा आणि विषुवीय लहान.

मेक्सिकोतले युआरिस्ती आणि क्वेवास, तसंच अमेरिकेतले अलाबुगिन यांनी ही कडी संगणकावर पिंजून काढली. गंधकाच्या बाबतीत एकट्या जोडीपेक्षा लांब, सैलसर कार्बन-गंधक बंध जास्त उदार ठरतात आणि ते समोर असलेल्या विषुवीय बंधाला इलेक्ट्रॉन देतात, असं त्यातून पुढे आलं. पण इथेही आकडे सरळ रांगेत उभे राहत नाहीत. बंध लांब म्हणून ‘जे’ लहान, हा नियम काही रेणूंत पाळला जातो आणि काहींत धुडकावला जातो. मोजलेल्या दोन आकड्यांबद्दल कुणाचं दुमत नाही. कारणांचं वाटप कसं करायचं, यावर मात्र मतं जुळलेली नाहीत.

याच कार्बनवरून लिथियमच्या साहाय्यानं हायड्रोजन काढून घेतात आणि त्यावर कोरी आणि सीबाख यांनी १९६५ साली संश्लेषणाची एक मोठी पद्धत उभी केली. लिथियम विषुवीय जागी बसणं पसंत करतं, हे अर्नेस्ट एलिएल यांनी पुढे दाखवलं. विषुवीय ‘जे’ लहान, म्हणजे तो बंध सैल, म्हणून तोच आधी सुटतो, असं जोडून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. मला ही उडी लांबची वाटते. ‘जे’ स्वस्थ बसलेल्या रेणूचा असतो, आणि लिथियम येतं तेव्हा तो रेणू तसा राहिलेलाच नसतो.